रंगभूमीचे गुरुजी : इब्राहिम अल्काझी

नटाची कला काळाच्या हातून निसटणारी आहे. चित्रकाराचे चित्र भिंतीवर उरते, कवीची कविता पुस्तकात उरते. नटाची भूमिका मात्र पडदा पडला की संपते. दुसऱ्या दिवशी तेच नाटक, तोच नट, तेच संवाद असले तरी कालचा प्रयोग पुन्हा येत नाही. शिक्षकाचेही पुष्कळसे असेच आहे. वर्गात त्याने काय सांगितले, कसे सांगितले, हे घंटा झाल्यावर हवेत विरून जाते. मागे राहतात ते विद्यार्थी, आणि त्यांच्यावरूनच त्याच्या कामाची परीक्षा करावी लागते. मग जो माणूस नट होता आणि नाट्यशिक्षकही होता, त्याच्या आयुष्याचा हिशेब आपण कसा मांडावा?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो इब्राहिम अल्काझी यांच्या जीवनाकडे पाहताना. ४ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. महामारीचे दिवस होते. देशभरातील नाट्यगृहांना कुलपे होती. ज्याने भारतीय नटाला शिस्तीने रंगमंचावर उभे राहायला शिकवले, त्याला निरोप देण्यासाठी रंगमंच उघडा नव्हता. वृत्तपत्रांनी त्यांची पद्मश्री (१९६६), पद्मभूषण (१९९१) आणि पद्मविभूषण (२०१०) ही पदके मोजली, त्यांच्या नामवंत शिष्यांची नावे दिली. ते सारे योग्यच होते. परंतु आपल्यासारख्या वाचकांनी, ज्यांची मुले शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचावर पहिल्यांदा घाबरत घाबरत पाऊल टाकतात, त्या पदकांच्या पलीकडे पाहिले पाहिजे. एका चांगल्या नटाने आपल्या ऐन उमेदीच्या वर्षांत स्वतःवरचा प्रकाश बाजूला वळवून तो इतरांवर का टाकला, आणि त्यातून काय निपजले, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुण्याचे घर, पुण्याची शाळा

अल्काझींचा जन्म १८ ऑक्टोबर १९२५ रोजी पुण्यात झाला. वडील सौदी अरेबियातील व्यापारी, आई कुवेतची. घरात नऊ भावंडे. घराची भाषा अरबी. ती शुद्ध राहावी म्हणून मुलांना अरबी शिकवण्याची खास व्यवस्था होती. उंबरठा ओलांडला की मात्र पुणे होते. रस्त्यावर मराठी, बाजारात हिंदुस्थानी आणि गुजराती, शाळेत इंग्रजी. ज्या मुलाच्या कानावर बालपणापासून इतक्या भाषांचे सूर पडतात, त्याला भाषा ही केवळ अर्थाची नसून नादाचीही वस्तू आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

शाळा होती पुण्याच्या कॅम्पमधील सेंट व्हिन्सेंट्स. १८६७ मध्ये सुरू झालेली ही शाळा येशूसंघीय धर्मगुरूंची, आणि त्यांच्या शाळांतून नाटक हा वार्षिक समारंभापुरता करमणुकीचा प्रकार कधीच नव्हता. येथे थोडे मागे वळून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. येशूसंघाचे पहिले महाविद्यालय १५४८ मध्ये सिसिलीतील मेस्सिना येथे निघाले, आणि पुढील काही दशकांतच युरोपभर पसरलेल्या त्यांच्या विद्यालयांतून विद्यार्थ्यांची नाटके होऊ लागली. १५९९ मध्ये त्यांच्या शिक्षणक्रमाची जी नियमावली निश्चित झाली, तिच्यात नाटकांसंबंधीही नियम आहे : नाटके लॅटिनमध्ये असावीत, क्वचितच व्हावीत, विषय पवित्र असावा आणि रंगमंचावर स्त्रीपात्र नसावे. नियम कडक होता. तो सर्वत्र तितक्याच कडकपणे पाळला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण नियम करावा लागला यावरूनच त्या विद्यालयांत नाटकाने केवढे मूळ धरले होते, ते दिसते. मुलाचा आवाज सुटावा, स्मरणशक्ती वाढावी, चारचौघांत न डगमगता उभे राहता यावे, यासाठी त्या गुरूंनी नाटकाला शिक्षणाचे अंग मानले. स्पेनचा काल्देरोन, फ्रान्सचे कोर्नेय आणि मोलिएर हे नाटककार अशाच विद्यालयांतून शिकून बाहेर पडले.

या लांबलचक परंपरेचा एक लहानसा ओहोळ पुण्याच्या कॅम्पातील शाळेपर्यंत वाहत आला होता. त्याच्या काठावर एका अरब मुसलमान व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या गोडीला लागला. शाळा ख्रिस्ती, मुलगा मुसलमान, गाव मराठी आणि नाटके इंग्रजी! आज ज्या काळात माणसाची ओळख एकाच शब्दात सांगण्याचा आग्रह धरला जातो, त्या काळात हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखे आहे.

मुंबईची गच्ची

पुढील शिक्षणासाठी अल्काझी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. तेथे त्यांची गाठ पडली सुलतान पदमसी या विलक्षण प्रतिभेच्या तरुणाशी. मित्रमंडळी त्याला बॉबी म्हणत. बॉबीने ‘थिएटर ग्रुप’ नावाची नाट्यसंस्था उभी केली होती, आणि इंग्रजी नाटके हौसेने पण हौशीपणा टाळून करण्याची जिद्द त्या तरुणांत होती. १९४६ मध्ये बॉबी अगदी कोवळ्या वयात गेला. त्याच वर्षी त्याची बहीण रोशन हिच्याशी अल्काझींचा विवाह झाला. रोशन अल्काझी यांनी पुढे पतीच्या असंख्य नाटकांची वेशभूषा केली, आणि प्राचीन भारतीय वेशभूषेवर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. अल्काझींच्या कामाचा विचार करताना या सहधर्मचारिणीचे नाव तळटीपेत ढकलणे अन्यायाचे ठरेल.

लवकरच देशाची फाळणी झाली. अल्काझींचे कुटुंब पाकिस्तानात गेले. हा मुलगा मात्र भारतातच राहिला. त्याच सुमारास नाट्यशिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या प्रसिद्ध संस्थेत दाखल झाले. १९४८ मध्ये त्यांचा मित्र, पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेला निसीम इझिकेल, लंडनला निघाला तेव्हा त्याच्या बोटीचे भाडे अल्काझींनी भरले. एका मुसलमानाने एका ज्यू कवीसाठी केलेली ही मदत मुंबईच्या त्या काळच्या हवेत कुणाला नवलाची वाटली नसावी.

१९५० मध्ये अल्काझींना बीबीसीचा पुरस्कार मिळाला. इंग्लंडच्या रंगभूमीवर काम करण्याची संधी त्यांच्यासमोर होती. ते परत आले. १९५४ मध्ये त्यांनी ‘थिएटर युनिट’ ही स्वतःची संस्था काढली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट हे त्या काळी चित्रकार, वादक, नर्तक आणि नाटकवाले यांचे माहेरघर होते. थिएटर युनिटचे काम तेथेही चाले. सोफोक्लिसचे ‘ओडिपस’, शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’, आणि टी. एस. एलियटचे ‘मर्डर इन द कॅथिड्रल’ ही नाटके त्यांनी या वर्षांत रंगमंचावर आणली. यातील शेवटचे नाटक कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांच्या ११७० मधील हौतात्म्यावर आहे. राजाशी तडजोड करून जीव वाचवावा, की आपल्या पदाशी इमान राखून मरण पत्करावे, हा त्या नाटकाचा प्रश्न. एलियटने त्यात आणखी एक सूक्ष्म प्रश्न घातला आहे : हौतात्म्य पत्करतानाही माणसाच्या मनात स्वतःच्या मोठेपणाचा मोह दडलेला नसेल कशावरून? नटाच्या आणि शिक्षकाच्या आयुष्यालाही हा प्रश्न लागू पडतो, असे आम्हांला वाटते.

ओडिपसची भूमिका स्वतः अल्काझींनी केली. उंच, ताठ शरीरयष्टी, कमावलेला आवाज आणि इंग्रजी उच्चारांवरील प्रभुत्व यांमुळे त्या काळच्या मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर ते अग्रगण्य नट होते. नाटकासाठी योग्य जागा मिळेना, तेव्हा कंबाला हिलवरील आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी खुले नाट्यगृह केले आणि त्याला नाव दिले ‘मेघदूत’. प्रेक्षक जिने चढून वर येत. वर आकाश आणि समोर नाटक.

याच काळात त्यांच्यातील शिक्षक आकाराला आला. मुंबईत त्यांनी नाट्यशिक्षणाचे वर्ग चालवले. त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत एक मराठी तरुणी होती. आज आपण तिला विजया मेहता या नावाने ओळखतो. अल्काझी आणि अदी मर्झबान या दोघांकडे तिने धडे घेतले आणि १९६० मध्ये ‘रंगायन’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. विजय तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे यांच्यासारख्यांचे या चळवळीशी असलेले नाते मराठी वाचकांना सांगायला नको. म्हणजे अल्काझी दिल्लीला जाण्याआधीच त्यांच्या शिकवणुकीचा एक प्रवाह मराठी रंगभूमीत येऊन मिळाला होता. त्यांचे प्रयोग इंग्रजीत होते, पण ते जे शिकवत होते ते कोणत्याही एका भाषेचे नव्हते.

दिल्लीचे वर्ग

दिल्लीत केंद्र सरकारच्या पाठिंब्याने नाट्यशाळा काढण्याची कल्पना १९५० च्या दशकातच पुढे आली होती, आणि तिची धुरा सांभाळण्याविषयी अल्काझींना विचारणाही झाली होती. त्या वेळी त्यांनी नकार दिला. आपली स्वतःची तयारी अजून पुरेशी नाही, असे त्यांना वाटले. विशीच्या अखेरीस राजधानीतील मोठे पद नाकारणारा माणूस विरळाच. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले, आणि १९६२ मध्ये अल्काझींनी त्याचे संचालकपद स्वीकारले. मुंबईतील आपले ‘थिएटर युनिट’ त्यांनी सत्यदेव दुबे यांच्या हाती सोपवले. दुबे यांनी पुढे मुंबईत हिंदी आणि मराठी रंगभूमीवर जे काम केले, ते सर्वश्रुत आहे.

त्या वेळी अल्काझी सदतिसाव्या वर्षात होते. नटाच्या दृष्टीने हे वय म्हणजे पक्वतेची सुरुवात. मोठ्या शोकान्त भूमिका यानंतरच हाती यायच्या. नेमक्या त्या वळणावर ते स्वतः रंगमंचाच्या मध्यभागातून बाजूला झाले आणि वर्गात, तालमीत, कार्यशाळेत जाऊन उभे राहिले. यापुढे त्यांचे नाव गाजले ते दिग्दर्शक आणि शिक्षक म्हणून. प्रकाशझोतात उभे राहिले ते त्यांचे विद्यार्थी.

विद्यालयाची तेव्हाची स्थिती साधी होती. जागा अपुरी, साधने तुटपुंजी. विद्यार्थी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले. कुणाला हिंदी नीट येत नाही, कुणाला इंग्रजीचा गंध नाही. अल्काझींनी शिक्षणक्रम घट्ट बांधला. अभिनयाबरोबर प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, सुतारकाम, जगातील आणि भारतातील नाटकाचा इतिहास, सारे प्रत्येकाने शिकायचे. मला फक्त नट व्हायचे आहे, हे उत्तर तेथे चालत नसे. ज्याने स्वतःच्या हाताने रंगमंचाची फळी ठोकली आहे, तो त्या फळीवर बेफिकिरीने पाय टाकणार नाही, हा त्यामागचा विचार होता.

स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांविषयीचा त्यांचा आग्रह दंतकथेसारखा झाला आहे. विद्यालयाची शौचालये घाण दिसली तेव्हा त्यांनी कुणाला हुकूम सोडला नाही. स्वतः हातात झाडू घेऊन ती धुतली, आणि मग विद्यार्थी आपोआप पुढे आले, अशी आठवण त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी सांगितली आहे. आपल्या देशात, जेथे हे काम जातीच्या नावाने काही माणसांच्या माथी मारले गेले, तेथे कला शिकायला आलेल्या तरुणांसमोर संचालकाने झाडू हातात घेणे हा नुसता शिस्तीचा धडा नव्हता. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूची कथा ज्यांनी दर पवित्र गुरुवारी ऐकली आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

नाटकांची निवडही अर्थपूर्ण होती. १९६२ मध्ये त्यांनी मोहन राकेश यांचे ‘आषाढ का एक दिन’ बसवले. कालिदासाच्या जीवनावरील हे नाटक. राजधानीचे बोलावणे आलेला कवी आपले गाव आणि आपली मल्लिका मागे सोडून जातो आणि परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. १९६३ मध्ये दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याच्या भग्न तटबंदीत त्यांनी धर्मवीर भारती यांचे ‘अंधायुग’ सादर केले. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, विजय मिळूनही हरलेली माणसे, सूडाने पेटलेला अश्वत्थामा, पुत्रशोकाने शाप देणारी गांधारी. हे नाटक पाहायला पंतप्रधान पंडित नेहरू आले होते. चीनबरोबरच्या युद्धाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पडक्या भिंतींमध्ये, उघड्या आकाशाखाली, युद्धाने काय उरते हे विचारणारे ते नाटक पाहताना प्रेक्षकांच्या मनात कोणते विचार आले असतील, त्याची कल्पना करता येते.

पुढे १९७४ मध्ये पुराना किल्ल्यात गिरीश कर्नाड यांच्या ‘तुघलक’चा भव्य प्रयोग झाला. मनोहर सिंह यांनी सुलतानाची भूमिका केली आणि ती भारतीय रंगभूमीच्या इतिहासात नोंदली गेली. ऐतिहासिक वास्तू केवळ पाहण्याच्या नसतात, त्यांच्यातून बोलताही येते, हे अल्काझींनी दाखवून दिले. विद्यालयाला नाट्यगृह नव्हते तेव्हा रवींद्र भवनाच्या मागील बाजूस वडाच्या झाडाभोवती त्यांनी खुला रंगमंच उभारला. त्यालाही नाव मिळाले ‘मेघदूत’. मुंबईच्या गच्चीवरचा ढग दिल्लीच्या वडाखाली येऊन उतरला, असेच म्हणावे लागेल.

शिस्तीची दुसरी बाजू

कोणत्याही गुरूचे स्मरण करताना केवळ आरती ओवाळणे योग्य नाही. अल्काझींवर टीकाही झाली, आणि ती सगळीच निराधार नव्हती.

पहिला आक्षेप असा की, त्यांची दृष्टी पाश्चात्त्य होती. लंडनला घडलेल्या माणसाने भारतीय नटाला युरोपच्या साच्यात बसवले, आपल्या लोककलांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हटले गेले. दुसरा आक्षेप भाषेचा. विद्यालयाची प्रयोगभाषा हिंदी. मणिपूर, कर्नाटक, महाराष्ट्र येथून आलेल्या तरुणांना तीन वर्षे परभाषेत अभिनय करावा लागे. ज्या बोलीत माणूस रडतो आणि भांडतो, ती बाजूला ठेवून त्याने अभिनय शिकावा का, हा प्रश्न रास्त आहे. तिसरा आक्षेप स्वभावाचा. त्यांची शिस्त काही वेळा हुकूमशाहीकडे झुकत असे. काही विद्यार्थी त्यांना घाबरत, काही दुखावले गेले.

या आक्षेपांचे उत्तर घोषणांनी देता येणार नाही. पण काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८ मध्ये, शांता गांधी यांनी गुजरातच्या भवाई शैलीत ‘जसमा ओडन’ हे नाटक विद्यालयात बसवले. जर्मनीचे कार्ल वेबर आणि फ्रिट्झ बेनेविट्झ यांना बोलावून ब्रेख्तची नाटके बसवून घेतली गेली. म्हणजे खिडक्या दोन्ही दिशांना उघड्या होत्या. भाषेच्या आक्षेपाला तर त्यांच्या विद्यार्थ्यांनीच उत्तर दिले. मणिपूरचे रतन थिय्याम विद्यालयातून बाहेर पडले, आपल्या मातीत परतले आणि १९७६ मध्ये इंफाळ येथे ‘कोरस रेपर्टरी थिएटर’ स्थापून मणिपुरी भाषेतले नाटक जगभर घेऊन गेले. बन्सी कौल यांनी भोपाळमध्ये विदूषकाच्या परंपरेवर नवी रंगशैली उभारली. ब. व. कारंत यांनी कन्नड आणि हिंदी नाटकात लोकसंगीताचा प्राण ओतला, आणि १९७७ मध्ये अल्काझींच्या पश्चात विद्यालयाचे संचालकपदही सांभाळले. गुरूने ज्याकडे कमी लक्ष दिले असे म्हटले जाते, तेच शिष्यांनी पुढे नेले. गुरूची छबी शिष्यात जशीच्या तशी उमटली नाही; शिष्य स्वतःच्या वाटेने गेले. शिस्त जर खरोखरच केवळ दडपणाची असती, तर इतक्या वेगवेगळ्या वाटा फुटल्या नसत्या.

स्वभावाच्या कठोरपणाबद्दल मात्र आम्ही सारवासारव करणार नाही. रंगमंचावर उशिरा येणे हा प्रेक्षकांचा अपमान आहे, हे शिकवणे आवश्यक आहे. पण भीतीने शिकलेले आणि आदराने शिकलेले यांत अंतर असते. हे अंतर प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक आईवडिलांनी स्वतःच्या मनाशी तपासून पाहावे असे आहे. अल्काझींच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, ज्या शिस्तीचा आग्रह त्यांनी धरला, तिच्यातून त्यांनी स्वतःला कधी सूट दिली नाही.

विद्यार्थ्यांचे विद्यार्थी

१९७० ते १९७३ या काळात विद्यालयात दोन तरुण एकत्र शिकत होते. एक नैनिताल आणि अजमेर येथील कॅथलिक शाळांतून शिकलेला, इंग्रजी नाटकांवर वाढलेला नसीरुद्दीन शाह. दुसरा पंजाबातील गरीब घरातून आलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा ओम पुरी. एकाच वर्गात, एकाच गुरूसमोर दोघे उभे राहिले, आणि पुढे दोघांनीही भारतीय चित्रपटात अभिनयाचा अर्थ बदलला. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी याच विद्यालयातून १९७४ मध्ये बाहेर पडल्या; ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेने त्या जगाला परिचित झाल्या. सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, मनोहर सिंह, ओम शिवपुरी ही नावे त्याच परंपरेतील.

परंतु प्रसिद्ध नटांच्या या यादीपेक्षा आम्हांला दुसरी एक साखळी अधिक मोलाची वाटते. अल्काझींच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण स्वतः शिक्षक झाले. कमलाकर सोनटक्के यांनी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग घडवला. ज्या भागात नाट्यगृहे नव्हती, नाटक कंपन्यांचे दौरेही क्वचितच जात, त्या भागातील शेतकऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या मुलांना नाटकाचे पद्धतशीर शिक्षण त्यामुळे मिळू लागले. पुण्याच्या शाळेतून निघालेला ओहोळ मुंबई, लंडन, दिल्ली असा फिरून मराठवाड्यात पोहोचला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. महाविद्यालयाच्या वर्गात नाटक शिकवणाऱ्या माणसाचे काम असेच असते. त्याच्या शिष्यांची नावे फलकावर येतात. त्याचे स्वतःचे नाव मात्र शिष्यांच्या उच्चारांत, त्यांच्या उभे राहण्यात, त्यांच्या वेळेवर येण्यात मिसळून जाते.

अल्काझींनी स्वतः १९७७ मध्ये विद्यालय सोडले. दिल्लीतील त्रिवेणी कला संगम येथे रोशन यांच्यासह त्यांनी ‘आर्ट हेरिटेज’ हे कलादालन सुरू केले आणि चित्रकला व जुन्या छायाचित्रांचा संग्रह यांत मन रमवले. नाटकापासून ते पूर्णपणे दूर मात्र गेले नाहीत. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुन्हा विद्यालयाच्या नटमंडळासाठी नाटके बसवली. त्यांत कर्नाडांच्या बसवेश्वरांवरील नाटकाचा ‘रक्त कल्याण’ हा हिंदी प्रयोग होता. जातिभेद मोडू पाहणाऱ्या एका धर्मसुधारकाची आणि त्याच्या चळवळीच्या रक्तरंजित शेवटाची ती कथा. अयोध्येच्या वादाने देश ढवळून निघाला होता त्या काळात, साठी ओलांडलेल्या या गुरुजींनी नेमके हे नाटक निवडावे, यात योगायोग नसावा.

आता आपल्याकडे वळू. आपल्या धर्मग्रामांत आणि शाळांत नाटकाची हौस आजही आहे. नाताळच्या दिवसांतील देखावे, उपवासकाळातील दुःखसहनाची नाट्ये, शाळांची स्नेहसंमेलने, महाविद्यालयांतील एकांकिका यांतून आपली मुले रंगमंचावर येतात. त्यांना शिकवणारी माणसे बहुधा शाळेतीलच एखादी बाई वा गुरुजी, किंवा गावातील एखादा जुना हौशी नट असतो. संध्याकाळी तालीम, रात्री घरी परत, बक्षीस मिळाले तर मुलांचे, चूक झाली तर त्यांची. अनेकदा त्यांच्यासाठी साध्या आभाराचे चार शब्दही कार्यक्रमाच्या घाईत राहून जातात. आपण त्यांना कार्यक्रम बसवणारी माणसे समजतो. खरे पाहता ती माणसे घडवीत असतात. मुलाला वाक्य पाठ करवून घेताना दुसऱ्याचे बोलणे ऐकून घ्यायला ती शिकवतात. गर्दीतील मुक्या सैनिकाची भूमिका करणाऱ्यालाही नायकाइतक्याच वेळेवर यायला लावताना, लहान काम असे काही नसते, हे ती शिकवतात. पडद्यामागे दोरी ओढणाऱ्या मुलाचेही नाव घ्यायला विसरू नका, असे सांगणारा शिक्षक समाजाचा पाया भरत असतो.

अल्काझींच्या चरित्रातून आपण घ्यायचे ते हेच. नट म्हणून त्यांनी केलेल्या भूमिका ज्यांनी पाहिल्या, ते प्रेक्षक आता फारसे उरले नाहीत; ओडिपसचा तो आवाज कालौघात लुप्त झाला. परंतु एखाद्या तालमीत कुणी तरुण दिग्दर्शक मुलांना रंगमंच झाडून काढल्याशिवाय तालीम सुरू होणार नाही असे बजावतो, तेव्हा त्याला ते कुणाकडून आले हे कदाचित ठाऊकही नसते. त्याच्या शिक्षकाला त्याच्या शिक्षकाने तसे शिकवलेले असते, आणि ती साखळी मागे मागे जात दिल्लीतल्या एका वडाखाली येऊन पोहोचते. आपल्या गावातील नाट्यशिक्षकाचा हिशेबही पुढील पिढीच्या हातून असाच मांडला जाईल. तोवर आपल्याला करता येण्यासारखे एकच आहे : येत्या कार्यक्रमात पडदा पडल्यावर त्याला रंगमंचावर बोलवावे, आणि मुलांच्या समोर त्याचे नाव घ्यावे.